वासाची भिशी

अहो वहिनी, आलात एकदाच्या! परवापासून तुमच्या खिडकीकडे बघतेय. आठ दिवस म्हणून साताऱ्याला गेलात आणि चांगले सतरा काढलेत. लग्नाचं सगळं ऐकायचंय मला, कुणी काय नेसलं होतं इथपासून. पण आधी माझं ऐका. दूध गॅसवर आहे, आच बारीक आहे, हे सकाळच्या बसनं चाकणला गेलेत. तेवढ्यात सांगून टाकते, नाहीतर पोटात राहायचं नाही.

काल आमच्या अंगणात सहा पुरुष खुर्च्या टाकून बसले होते आणि एकमेकांची मनगटं हुंगत होते.

हसताय काय? खरंच सांगते. पत्ते नाहीत, मॅच नाही, ‘बसायचा’ बेत तर नाहीच नाही. चहासुद्धा म्हणे नंतर, आत्ता आल्याचा वास मध्ये येतो. एक जण डोळे मिटून म्हणतो, “सुरुवात छान आहे, पण पुढे टिकत नाही.” दुसरा म्हणतो, “घाई करू नका, वीस मिनिटं द्या त्याला.” मी आतून ऐकतेय. मला आधी वाटलं, कुणाच्या तरी जावयाबद्दल चाललंय.

सेंटचं वेड लागलंय हो ह्यांना. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी. सत्तावीस वर्षं ह्या माणसाच्या अंगाला एकच वास, कूलंटचा. गिअर कापताना मशीनमध्ये ते दुधासारखं पांढरं तेलपाणी उडत असतं ना, ते. शर्टात मुरतं, केसांत मुरतं, डब्याच्या पिशवीतसुद्धा मुरतं. ह्यांचे कपडे मी आजतागायत वेगळे भिजवते. दिवाळीत पहिल्या आंघोळीला उटणं आणि मोती साबण, तेवढे चार दिवस घरात कुणी पाहुणा आल्यासारखं वाटायचं. भाऊबीज झाली की पुन्हा आपलं ते आपलं.

आणि ह्यांचं नाक त्या कूलंटनंच घडवलंय, हे मला आत्ता कळतंय. शनिवारी मशिनी बंद झाल्या की टाकीतलं कूलंट हलत नाही. वर तेलाची साय धरते, खाली हवा पोचत नाही, आणि त्यात जंतू माजतात. सोमवारी पहिलं बटण दाबलं की सडक्या अंड्याचा भपका. पोरं टाक्या उघडून बघत फिरतात, हे दारातूनच सांगतात, “सात नंबरचं गेलंय. अकराचं उद्या जाईल.” आणि दुसऱ्या दिवशी अकराचं जातंच. कंपनीत कुणी ह्यांच्या नाकाची पैज घेत नाही. आता असल्या नाकाला घरात काय काम? भाजीत मीठ कमी पडलं हे जेवायच्या आधी सांगायचं, एवढंच. मीठ वासावरून कसं कळतं देव जाणे, पण कळतं.

तर सुरुवात झाली मोर्चात. कचरा डेपोच्या. आठवतंय ना, 2023 साली? मोशीला एक आहेच, तर दुसरा आपल्या पुनावळ्यात, वनखात्याच्या झाडीत आणायचा घाट होता, आणि सगळ्या सोसायट्या रस्त्यावर आल्या होत्या. आपण दोघी पुढे होतो फलक धरून. हे मागे. दुर्गंधी नको, दुर्गंधी नको अशा घोषणा चाललेल्या, आणि ह्यांना मागून येतोय भारी सुगंध. घोषणा सोडून हे वळले आणि त्या पोराला म्हणाले, “हे अननस कुठून येतंय? आणि त्याच्यामागे लाकूड जळतंय.” हो, तोच तो, टॉवरमधला हिंजवडीवाला, उंच, दाढीवाला. तो बघतच राहिला. म्हणाला, “काका, मला तो धूर ओळखायला सहा महिने लागले होते.”

डेपो रद्द झाल्याचं जाहीर झालं त्या वर्षाच्या शेवटी. हे मात्र तेव्हापासून जे लागले ते लागलेच.

तो अननस म्हणजे कोण, तेही आता मला पाठ आहे, कारण जेवताना दुसरा विषय नसतो. क्रीड नावाची कंपनी आहे, तिचं अवेन्टस. 2010 साली आलं. वर अननस, खाली बर्च झाडाचा धूर. बाटली तीस हजारांच्या पुढे. तीस हजार, वहिनी! आमचा फ्रिज तेवढ्याचा नाही. पण मोर्चात त्या पोरानं लावलं होतं ते हे नव्हतंच. दुबईच्या आर्माफचं क्लब द नुई इंटेन्स होतं, त्याचीच हुबेहूब नक्कल, तीनेक हजारांत येणारी. ह्या लोकांत दोन पंथ आहेत. एक म्हणतो, नक्कल पहिली दहा मिनिटं लिंबासारखी टोचते, मग फरक सांगून दाखवा. दुसरा म्हणतो, अस्सल ते अस्सल. आणि अस्सलवाल्यांत पुन्हा भांडण की कुठल्या बॅचमध्ये धूर जास्त आणि कुठल्या बॅचमध्ये अननस. बाटलीच्या बुडाशी आकडे असतात, ते बघून बोलतात. आपण नाही का म्हणत, ह्या वर्षीच्या हापूसला ती गंमत नाही? तसंच. फक्त हापूस खाता तरी येतो.

पैसे कुठून आणतात, विचाराल. अहो, भिशी. आपली कशी, दर महिन्याला बारा जणी आणि एकीला रक्कम? ह्यांची वासाची भिशी. सहा जण मिळून एक बाटली घेतात आणि वाटून घेतात. शंभर मिली असेल तर दहा-दहा, पंधरा-पंधरा. इंजेक्शनची सुई काढलेली सिरिंज आणायची, काचेच्या बारक्या कुप्या आणायच्या, आणि वाटप कुणी करायचं? आमच्या ह्यांनी. मायक्रोमीटर हातात धरून जन्म गेला ना. ओट्यावर पेपर पसरतात, चष्मा कपाळावरून खाली घेतात, कुपी डोळ्यांसमोर धरून वरची रेघ बघतात, श्वास धरतात आणि सोडतात थेंब. एक थेंब इकडचा तिकडे नाही. वर चिठ्ठी, तारीख, सगळं. मी बघत उभी होते. आमच्या मुलीला पहिल्यांदा औषध पाजताना हात असाच धरला होता त्यांनी, तेव्हाही एवढाच कापत होता.

कौतुक पुरे. एकदा हे सगळं पोह्यांच्या आधी केलं. कुठलंसं चामड्याच्या वासाचं होतं. त्या दिवशीचे पोहे खाताना मला सारखं वाटत होतं की कुणीतरी ताटात चप्पल ठेवलीय. तेव्हापासून वाटप अंगणात.

भाषा ऐका त्यांची. प्रोजेक्शन, लाँजेव्हिटी, ड्रायडाऊन. पहिल्यांदा मला वाटलं कंपनीतलं काही आहे. मग त्या पोरानं मला नीट समजावलं: काकू, लावल्यावर पहिला भपका निराळा, अर्ध्या तासानं निराळा, आणि संध्याकाळी कातडीला जे चिकटून राहतं ते तिसरंच. मी म्हटलं, अरे मग सरळ सांग ना, आधी फोडणीचा वास, मग उकळत्या आमटीचा, आणि रात्री पातेलं घासताना येतो तो. तो हसला आणि वहीत लिहून घेतलं. ड्रायडाऊन म्हणजे पातेलं घासतानाचा वास.

आणि काहींना तर वासच नाही हो! एक कुपी आली, मॉलिक्यूल झिरो वन. 2006 साली एका जर्मन माणसानं काढलं. त्यात म्हणे फुलं नाहीत, पानं नाहीत, प्रयोगशाळेतलं एकच एक द्रव्य आहे, बाकी सगळं स्पिरिट. हे हुंगतायत, हुंगतायत, काही येईना. मला म्हणतात, “तू बघ.” मला तर पाणी वाटलं. म्हटलं, फसवलं तुम्हाला, पैसे परत मागा. तेवढ्यात भांडीवाली आली आणि दारातच थांबली, “काकू, काय छान वास सुटलाय, देवळातल्या लाकडासारखा!” आम्ही दोघं एकमेकांकडे बघतोय. ते द्रव्य काही नाकांना कळतच नाही म्हणे, आणि काहींना येतं, जातं, पुन्हा येतं. अकरा नंबरचं कूलंट ओळखणाऱ्याला कळलं नाही आणि तिला कळलं! दोन दिवस गप्प होते हे.

मला राग कशाचा येतो सांगू? पुरुषांचं म्हणून विकतात त्याचा. आमच्या आजोबांच्या कानात गुलाबाच्या अत्तराचा फाया असायचा, आणि गावात त्यांच्याइतका तापट माणूस नव्हता. लग्नात अत्तरदाणी घेऊन फिरायचे तेव्हा पुरुष काय हात मागे घ्यायचे? बालगंधर्वांच्या अत्तराच्या शौकाच्या गोष्टी तर माझी आजी सांगायची आणि तिच्या आवाजात जरा जास्तच साखर यायची. मधल्या काळात काय झालं कोण जाणे, पुरुषांनी फक्त घामाचा नाहीतर दाढीच्या लोशनचा वास द्यायचा असं ठरलं. आता पुन्हा गुलाब लावायला लागलेत, पण बाटली काळी आणि चौकोनी हवी, नाव इंग्रजी हवं.

नाही, सगळं परदेशी नाहीये. मुंबईत बॉम्बे परफ्युमरी म्हणून निघालीय, 2016 पासून, तिचं एक ह्यांच्याकडे आहे. आणि मुलुंडचे केळकर! एस. एच. केळकर कंपनी, 1922 सालापासूनची. आपण अगरबत्ती लावतो, साबण वापरतो, त्यात जो वास असतो तो असल्या कंपन्या तयार करून देतात. त्यांचे कोब्रा छापाचे सेंट तर अगरबत्तीवाल्यांना तोंडपाठ. शेअरबाजारात आली 2015 साली, तरी आपल्याला नाव ठाऊक नाही. मुलुंडच्या वझे-केळकर कॉलेजात तर सुगंधशास्त्राचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. ह्यांना हे कळल्यापासून चेहरा असा झालाय, जणू आईवडिलांनी ह्यांना फसवून डिप्लोमा मेकॅनिकलला घातलं. पुतण्याच्या मागे लागलेत, तू जा तिकडे. त्याला करायचंय डेटा सायन्स.

आणि वाळा! मी माठात दर उन्हाळ्यात वाळ्याची जुडी सोडते ना? फ्रान्समध्ये गेर्लां म्हणून आहेत, त्यांनी 1959 साली वाळ्याचं अत्तर काढलं पुरुषांसाठी, अजून खपतंय. हे म्हणतात, त्यांचा वाळा निराळा, आता बराचसा हैतीहून येतो, जरा गुळगुळीत. कनौजचं रूह खस जास्त हिरवट, मातकट, तांब्याच्या भांड्यात काढतात म्हणून रंगसुद्धा हिरवा येतो. एप्रिलमध्ये पाणी प्यायला गेले आणि माठाजवळ इतका वेळ उभे राहिले की मी विचारलं, काय हरवलंय? म्हणे, तुलना करतोय.

बरं, कालचं. मुख्य गोष्ट राहिलीच. आज दोन सुगंध आहेत, म्हणाले, खास. पहिला ऊद. हो, तोच, अरबांचा. पण माल आपला, आसामचा. अगरूचं झाड असतं. त्याला किडे पोखरतात, बुरशी लागते, आणि झाड त्या जखमेभोवती काळा डिंक धरतं. त्या काळ्या लाकडाला मोल, निरोगी झाड असलं तर जळण. ते बद्रुद्दीन अजमल खासदार होते ना, त्यांच्या घराण्याचा हाच व्यवसाय, आसामातल्या होजाईचे, मुंबईत आले आणि पुढे दुबई गाठली. तर त्या लाकडाचे तुकडे करून आधी कित्येक दिवस पाण्यात भिजत घालतात, आंबू देतात आणि मग ऊर्ध्वपातन. तीन मिलीचे सहा हजार दिले ह्या सहा जणांनी. म्हणजे डोकी एक हजार आणि वाट्याला अर्धा मिली. आपल्या डोळ्यांत घालायच्या औषधाचे दहा थेंब.

कागदाच्या पट्ट्यांवर एकेक ठिपका लावला. सगळे गंभीर. एक म्हणाला, “चामडं.” दुसरा म्हणाला, “जुनं चीज.” तिसरा, तो बी विंगमधला हो, गळ्यात आयडी घालून कोथिंबीर आणायला जातो तो, म्हणाला, “ह्याला एक प्राणिज उष्णता आहे.” आणि इतक्यात पलीकडच्या भिंतीवरून मावशींचं डोकं वर आलं. धारा काढून झाल्या होत्या, हातात बादली. “काय गं, कुणाला बरं न्हाई का? एवढी माणसं कशापायी?”

त्या हिंजवडीवाल्याला काय सुचलं कोण जाणे, उठला आणि पट्टी मावशींच्या पुढे धरली. “मावशी, ओळखा बरं.” मावशींनी बादली खाली ठेवली, पदराला हात पुसले, पट्टी नाकापासून चांगली हातभर लांब धरली आणि म्हणाल्या, “गोठा.”

सगळे हसले. त्या मात्र हसल्या नाहीत. पट्टी जरा जवळ घेतली. “पन माझा न्हवं. माझा रोज धुत्यात. ह्यो न धुतल्याला हाय, पावसाळ्यातला, खाली भुसा कुजल्याला.”

मग हसायचं थांबलं, वहिनी. कारण त्या पोरानं सांगितलं, जगभरचे दर्दी भारतातल्या ऊदाला हेच म्हणतात. गोठ्याचा वास. त्यासाठीच पैसे देतात. नवशिक्याला आवडत नाही, मुरलेल्यालाच कळतो म्हणे. मावशींनी विचारलं, “केवढ्याला?” त्यानं सांगितलं. मावशी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. मग नजर हळूहळू सरकवत बी विंगवाल्यावर आणली.

तुम्हाला आठवतंय ना तो अर्ज? मागच्या पावसाळ्यात, मावशींच्या गोठ्याचा वास येतो म्हणून टॉवरमधल्या पन्नासेक जणांनी सह्या करून दिला होता. दोन म्हशी, वहिनी, दोन. ह्या टॉवरच्या जागी मावशींचा ऊस होता, तेव्हापासूनचा गोठा आहे तो. पहिली सही कुणाची? ह्याचीच. आयडीवाल्याची. मावशींना वाचता येत नसेल, पण अर्ज आला तेव्हा त्यांनी नातवाकडून सगळी नावं वाचून घेतली होती.

“व्हय का,” मावशी म्हणाल्या, “मंग त्या अर्जात खाली लिव्हा की. वास फुकट घेतल्याबद्दल पैसं द्यावं म्हनावं.”

आमचे हे खुर्चीवर पाय घेऊन हसत होते. तो बिचारा पट्टी उलटीकडून हुंगत होता.

दुसरी कुपी मातीच्या अत्तराची. मिट्टी म्हणतात, कनौजचं. पहिल्या पावसाचा वास. हे लाडकं आहे ह्यांचं. 1964 साली ऑस्ट्रेलियातल्या दोघा शास्त्रज्ञांनी, बेअर आणि थॉमस, ह्या वासाचं कारण शोधलं आणि त्याला पेट्रिकोर असं नाव दिलं, आणि त्यांनीच लिहून ठेवलंय की उत्तर प्रदेशात लोक हा वास आधीपासून चंदनाच्या तेलात धरून विकतायत. हे सांगताना ह्यांची छाती अशी फुगते, जणू ह्यांच्याच मामाचा कारखाना आहे. मातीच्या तुकड्यांवरून वाफ काढतात, ती बांबूच्या नळीतून खाली चंदनाच्या तेलात उतरते. आता स्वस्तात मिळतं त्यात चंदन नसतं, पॅराफिन असतं. ह्यांनी नीट खात्री करून आणलंय.

पट्टी पुन्हा मावशींकडे. ह्या वेळी मावशींनी डोळे मिटले. आम्हाला वाटलं आता म्हणतील, वा, काय वास! “माती हाय,” त्या म्हणाल्या, “पन रानातली न्हवं. भाजल्याली. कुंभाराच्या भट्टीतली.” हे ताडकन उठले. कारण तसंच आहे हो! भट्टीत भाजलेल्या चकत्याच घालतात त्यात, कच्ची माती नाही. हे ह्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं अजून. “मावशी, तुम्हाला कसं कळलं?” “आता कसं म्हंजे? रानातल्या मातीला मुळ्यांचा वास असतूया. हितल्या मातीचा बघायचा तर आता खाली पार्किंगमधी जावं लागंल.” आणि बादली उचलून गेल्या.

पुढच्या रविवारी मावशींना खुर्ची द्यायची असं ठरलंय. भिशीचे पैसे त्यांच्याकडून घ्यायचे नाहीत. पण मावशींनी आज सकाळी मला भिंतीवरून विचारलं, “चहाबिहा देत्यात का नुसतंच हुंगाया बसवत्यात?” मी म्हटलं, चहा त्यांना चालत नाही, आल्याचा वास मध्ये येतो. “मंग मी न्हाई येत,” म्हणाल्या. ह्यांना अजून सांगितलं नाही मी. संध्याकाळी सांगते, कूलंटचा शर्ट काढायच्या आत.

आणि तो आयडीवाला, ऐका ना, आज सकाळी सात वाजता मावशींच्या दारात. अर्धा लिटर म्हशीचं लावून गेला. मावशींनी त्याच्याकडून… थांबा हं. मावशी काय ओरडतायत? मला का? काय म्हणतायत, कुणाचं लागलं?

अगं बाई, दूध!